पाच लाल नोंदींवरून सैन्यातून डिस्चार्ज : अपील आणि डीएससीमधील पुनर्भरती

प्रश्न : माजी शिपाई, शिरोळ

सर्वांना रामराम. मी मार्च 2010 मध्ये पायदळात भरती झालो आणि नोव्हेंबर 2023 मध्ये, म्हणजे 13 वर्षे 8 महिन्यांनी, आर्मी रूल 13 (सेवामुक्तीचा नियम) खाली मला घरी पाठवण्यात आले. डिस्चार्ज बुकात कारणाच्या रकान्यात ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ (सेवेची आता गरज नाही) एवढेच टंकलेले आहे. माझ्या कंडक्ट शीटवर पाच लाल नोंदी (शिस्तभंगाच्या शिक्षेच्या, लाल शाईतल्या) आहेत आणि त्या माझ्याच आहेत, त्याबद्दल वाद नाही. 2013 मध्ये रजेवरून 9 दिवस उशिरा पोहोचलो, सात दिवस कैद झाली. 2015 मध्ये दारू पिऊन लाइनीत (जवानांच्या बराकीत) गोंधळ घातला, त्याचे चौदा दिवस. 2017 मध्ये आईच्या शस्त्रक्रियेसाठी आलो होतो तेव्हा 21 दिवस जास्त राहिलो, पुन्हा चौदा दिवस. 2019 मध्ये महापुरात गावाला वेढा पडला आणि 12 दिवस उशीर झाला, सात दिवस. 2022 मध्ये घरगुती वादामुळे 34 दिवस गैरहजर राहिलो आणि पूर्ण अठ्ठावीस दिवस कैद भोगली. अधल्यामधल्या काळात दोन वर्षे राष्ट्रीय रायफल्समध्ये काश्मीरला आणि पुढे उत्तर सिक्कीममध्ये होतो. तिथे माझ्याविरुद्ध एक ओळही लिहिली गेली नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये कारणे दाखवा नोटीस मिळाली. कंपनी ऑफिसमध्ये बसून हिंदीत अर्धे पान उत्तर लिहून दिले की चूक झाली, मुले लहान आहेत, पेन्शनपर्यंत राहू द्यावे. दोन महिन्यांत आदेश आला. जानेवारी 2024 मध्ये मी रेकॉर्ड ऑफिसला (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला) निवेदन पाठवले. त्यावर 12 मार्च 2024 या तारखेचे उत्तर आले, की सक्षम अधिकाऱ्याने नियमानुसार डिस्चार्ज केले असून फेरविचाराची तरतूद नाही. त्यानंतर वडिलांचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले आणि मी या कागदांकडे वळलोच नाही. आता फेब्रुवारी 2025 उजाडला आहे.

मध्यंतरी डिफेन्स सिक्युरिटी कोअरच्या (डीएससी, संरक्षण ठिकाणांची राखण करणारे दल, जिथे माजी सैनिकांना पुन्हा घेतात) भरतीला गेलो. डिस्चार्ज बुक पाहताच मला रांगेतून बाजूला काढले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानेही माजी सैनिकाचे ओळखपत्र देण्यास नकार दिला. या आदेशाविरुद्ध आता अपील करता येईल का, पेन्शनची काही आशा आहे का, आणि डीएससीच्या नकाराविरुद्ध वेगळी दाद मागता येते का, हे जाणकारांनी सांगावे. खोटी आशा लावू नये, एवढी विनंती.

उत्तर : निवृत्त सुभेदार, लिपिक शाखा

जय हिंद. मी अठ्ठावीस वर्षे हेच कागद लिहिले आहेत, त्यामुळे कायद्याचे वकील मंडळी सांगतील, मी कागदांचे सांगतो.

सर्वप्रथम एक भेद ध्यानात घ्या. तुम्ही बडतर्फ झालेला नाही. बडतर्फी आर्मी ॲक्टच्या कलम 20 खाली किंवा कोर्ट मार्शलमधून होते आणि तिच्यासोबत सहसा सगळेच जाते. तुमचा डिस्चार्ज नियम 13 च्या तक्त्यातील ‘इतर सर्व प्रकारचे डिस्चार्ज’ या सदराखाली झालेला आहे, जिथे आदेश ब्रिगेड किंवा सब एरिया कमांडर देतो. गावात लोक दोन्हींना ‘काढून टाकले’ असेच म्हणतात, पण अर्ज लिहिताना ‘बडतर्फी’ हा शब्द चुकूनही वापरू नका. मी असे अर्ज पाहिले आहेत, जिथे माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचा गुन्हा मोठा करून ठेवला होता.

दुसरी गोष्ट सेवेच्या हिशोबाची. शिपायाला सेवा पेन्शनसाठी 15 वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा लागते. तुम्ही 13 वर्षे 8 महिने म्हणता, पण रेकॉर्ड ऑफिस तसे म्हणणार नाही. बिनरजेच्या गैरहजेरीच्या आणि कैदेच्या दिवसांचा पगार कापला जातो, आणि ज्या दिवसांचा पगार मंजूर नाही ते दिवस अर्हताकारी सेवेत धरले जात नाहीत. तुमचेच आकडे घेऊन बेरीज केली, तर उशिराचे 76 आणि कैदेचे 70, असे 146 दिवस होतात, म्हणजे पाच महिन्यांना चारच दिवस कमी. मग हातात उरतात ती सव्वातेरा वर्षे, आणि तूट होते पावणेदोन वर्षांची. सेना मुख्यालयाला तूट माफ करता येते ती बारा महिन्यांपर्यंत. म्हणून नुसता तूट माफीचा अर्ज करा असा सल्ला कोणी दिला, तर त्याने ही बेरीज केलेली नाही असे समजा. यापैकी काही दिवस नंतर रजेत धरून नियमित केले गेले असतील, तर ते पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या सेवेतील बदल नोंदवणाऱ्या आदेशात) दिसेल. तो कागद मागवा.

कागद मागवण्यासाठी माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करा आणि त्यात ‘माझी फाइल द्या’ असे मोघम लिहू नका. कंडक्ट शीटची प्रत, प्रत्येक शिक्षेच्या वेळचा आरोपपत्राचा कागद, कारणे दाखवा नोटीस, तुमचे उत्तर, डिस्चार्जपूर्वी झालेल्या प्राथमिक चौकशीचे कागद, सीओंची (कमांडिंग ऑफिसर, म्हणजे युनिटप्रमुखांची) शिफारस, ब्रिगेड कमांडरचा मूळ आदेश आणि गैर-अर्हताकारी सेवेचा तपशील, असे नावानिशी मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पहिले अपील करा. आणि कृपा करून रेकॉर्ड ऑफिसला दुसरे, तिसरे निवेदन पाठवत बसू नका. तिथून तेच उत्तर फक्त नव्या तारखेने येईल.

2019 च्या नोंदीबद्दल मला विचारायचे आहे. महापुराचा काही पुरावा तुम्ही ऑर्डरली रूममध्ये (सीओंसमोरच्या सुनावणीत) मांडला होता का?

उत्तर : वकील, मुंबई

सुभेदार साहेबांनी पाया बरोबर घातला आहे, त्यावर पुढचे सांगतो.

‘चार लाल नोंदी झाल्या की घरी’ हा सैन्यातला सर्वांत पक्का समज आहे आणि तो कायद्याने चुकीचा आहे. अवांछित व अकार्यक्षम जवानांना कमी करण्याची कार्यपद्धती सेना मुख्यालयाने 28 डिसेंबर 1988 च्या पत्राने ठरवून दिलेली आहे. त्या पत्रातच म्हटले आहे, की चार लाल नोंदींनंतर डिस्चार्ज देणे ही सक्तीची किंवा कायदेशीर गरज नाही. सीओंनी प्रत्येक नोंद कोणत्या गुन्ह्याची आहे ते पाहावे आणि विशेषतः पेन्शनच्या जवळ आलेल्या माणसाशी कठोरपणे वागू नये. दीर्घ सेवा, खडतर ठाणी आणि तिथली राहणी यांचा विचार करावा, असेही त्यात आहे. त्याच पत्राने क्रम घालून दिला आहे : आधी प्राथमिक चौकशी, ज्यात संबंधिताला बाजू मांडता येईल, मग शिफारस वरिष्ठांकडे, वरिष्ठांचे समाधान झाल्यास नोटीस, मग उत्तर, आणि शेवटी आदेश.

सर्वोच्च न्यायालयाने वीरेंद्र कुमार दुबे विरुद्ध लष्करप्रमुख या खटल्यात 16 ऑक्टोबर 2015 रोजी हाच मुद्दा मान्य केला. केवळ नोंदींच्या संख्येवर दिलेला आणि चौकशीशिवाय दिलेला डिस्चार्ज न्यायालयाने रद्द केला. मात्र त्या जवानाला मिळाले काय, तेही नीट वाचावे. पेन्शनला पात्र होईपर्यंत तो सेवेत होता असे मानले गेले, सेवेचे सातत्य आणि पेन्शन मिळाली, मागचा पगार मिळाला नाही. तुमच्या बाबतीतही वास्तववादी मागणी हीच आहे. वर्दी परत मिळेल या आशेने खटला लढू नये.

आता मुदतीचे. सशस्त्र बल न्यायाधिकरण कायदा 2007 च्या कलम 21 नुसार उपलब्ध उपाय आधी वापरलेला असावा लागतो. तुम्ही निवेदन दिले आणि ते नाकारले गेले, त्यामुळे ही अट पूर्ण होते. कलम 22 नुसार अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. मार्च 2024 चे उत्तर अंतिम धरले, तर तुमची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. पुरेसे कारण दाखवल्यास न्यायाधिकरण विलंब माफ करू शकते, आणि वडिलांच्या डायलिसिसच्या नोंदी हे ‘पुरेसे कारण’ या शब्दांत बसू शकते, पण त्यासाठी प्रत्येक महिन्याचा हिशोब देणारे प्रतिज्ञापत्र लागेल. नवी निवेदने पाठवून जुनी मुदत जिवंत होत नाही, हे सुभेदार साहेबांनी अनुभवाने सांगितले, न्यायालयेही तेच म्हणतात. एक गैरसमज इथेच दूर करतो. पेन्शनचा दावा ही सतत चालू राहणारी हानी असल्याने उशीर झाला तरी चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालाचा आधार घेऊन सांगितले जाते. तो निकाल मूळ हक्क सिद्ध असलेल्यांसाठी आहे. तुमचा पेन्शनचा हक्क डिस्चार्जचा आदेश रद्द झाल्यावरच जन्माला येणार आहे, म्हणून विलंब माफीचा अर्ज टाळता येणार नाही.

अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढे विचारालच. तुमचे युनिट कुठेही असले, तरी सेवेतून बाहेर पडलेल्या माणसाला तो राहतो त्या भागाच्या खंडपीठासमोर जाता येते. कोल्हापूर जिल्ह्यासाठी ते मुंबईचे खंडपीठ. दिल्लीला जाण्याची गरज नाही.

उत्तर : सेवानिवृत्त कर्नल, पुणे

वकील साहेबांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु दुसरी बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो.

मी बटालियनची कमान सांभाळली आहे. रजेचा तक्ता ही तिथली सर्वांत नाजूक वस्तू असते. एक माणूस 34 दिवस उशिरा येतो तेव्हा त्याच्या जागी पोस्टवर उभा राहणारा दुसरा कोणीतरी आपल्या बहिणीच्या लग्नाला मुकलेला असतो, आणि तो माणूस कुठेही प्रश्न विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही हे पाहिले आहे. 2019 च्या सतगुर सिंग प्रकरणात वारंवार गैरहजर राहिलेल्या जवानाचा डिस्चार्ज न्यायालयाने कायम ठेवला आणि स्पष्ट केले, की 1988 च्या पत्रातील प्राथमिक चौकशी म्हणजे साक्षीपुरावे असलेली कोर्ट ऑफ इन्क्वायरी नव्हे. जवानाकडून गैरहजेरीची कारणे लेखी मागवून त्यांचा विचार केला, तर तेवढेही पुरेसे ठरू शकते. सरकारी वकील पहिल्याच दिवशी हा निकाल समोर ठेवतील. तुमच्या पाचपैकी चार नोंदी गैरहजेरीच्याच आहेत, म्हणजे तुमचे प्रकरण दिसायला त्याच साच्यातले आहे.

तेव्हा खटल्यात ‘चौकशी झालीच नाही’ एवढ्यावर विसंबू नका. चौकशी कशी झाली, आणि आदेश देणाऱ्याने तुमची सेवा तोलली की नुसत्या नोंदी मोजल्या, हे कागदांतून दाखवावे लागेल. तुम्ही काश्मीर आणि सिक्कीमचा उल्लेख प्रश्नात ओझरता केला आहे. अर्जात तो पहिल्या पानावर यायला हवा. 2015 ची दारूची नोंद मात्र लपवू नका आणि तिला कारणेही देऊ नका. तिच्यानंतर तसे पुन्हा घडले नाही, एवढे एक वाक्य पुरे.

उत्तर : डीएससीमधून निवृत्त, मिरज

डीएससीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही. मी पहिल्या सेवेनंतर तिथे दुसरी नोकरी केली, भरती केंद्रावर कागदांच्या छाननीलाही बसलो आहे.

तिथे पहिले पान उघडते ते डिस्चार्ज बुकाचे, आणि नजर तीन ठिकाणी जाते : सेवामुक्तीचे कारण, चारित्र्याचा शेरा आणि लाल नोंदींची संख्या. मुदत पूर्ण करून किंवा पेन्शनसह आलेला माणूस पुढे सरकतो. ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’ दिसले, की छाननी तिथेच संपते, मग छाती आणि धाव कितीही चांगली असो. पुनर्भरती हा कोणाचा हक्क नाही, त्यामुळे त्या नकाराविरुद्ध वेगळे अपील करण्यात वेळ आणि पैसा घालवू नये असे माझे मत आहे. मूळ डिस्चार्जचा आदेश बदलला, तर बुक बदलेल. पण प्रामाणिकपणे सांगतो, न्यायाधिकरणाने पेन्शन दिली तरी कंडक्ट शीटवरच्या पाच नोंदी पुसल्या जात नाहीत, आणि डीएससी त्या मोजतेच. तेव्हा डीएससीची आशा सोडून द्या. माजी सैनिकाच्या ओळखपत्राची गोष्ट वेगळी आहे, ती सोडू नका.

उत्तर : वकील, मुंबई

ओळखपत्राचा मुद्दा महत्त्वाचा आहे. केंद्राच्या 1979 च्या नियमांतील व्याख्येनुसार, पेन्शन मिळवून सेवामुक्त झालेला माणूस माजी सैनिक ठरतो. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेच्या कारणाने, पेन्शनविना डिस्चार्ज झालेला ठरत नाही. कल्याण कार्यालयाने तुम्हाला परत पाठवले ते याच व्याख्येमुळे, त्यात तिथल्या कर्मचाऱ्यांचा दोष नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, तेही याच दर्जावर अवलंबून आहे. म्हणजे पेन्शनपात्र सेवा मान्य झाली, तर महिन्याच्या रकमेसोबत हा दर्जाही मिळतो. तुमचे वय पाहता, माझ्या मते खटल्याचे खरे मोल रकमेपेक्षा या दर्जात जास्त आहे.

2019 च्या नोंदीविषयी सुभेदार साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. आर्मी ॲक्टच्या कलम 87 नुसार सीओंनी दिलेली शिक्षा बेकायदा, अन्यायकारक किंवा अवाजवी वाटल्यास वरिष्ठ लष्करी अधिकारी ती रद्द करू शकतो. अशा छोट्या शिक्षेविरुद्ध थेट न्यायाधिकरणात जाता येत नाही, कारण संक्षिप्त सुनावणीतील शिक्षेपैकी फक्त बडतर्फीची शिक्षा त्याच्या कक्षेत येते. पण कलम 87 खालचा अर्ज स्वतंत्रपणे करता येतो, आणि तो प्रलंबित असला तरी मुख्य अर्जात त्याचा उल्लेख करता येतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. कर्नल साहेब, तुमचे रजेच्या तक्त्याचे वाक्य मी दोनदा वाचले. माझ्या जागी कोण उभे राहिले असेल, ते मला आठवते.

सुभेदार साहेब, 2019 ला मी पुरावा दिला नव्हता. माझी रजा 5 ऑगस्टला संपत होती. त्या सुमारास पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही गावाच्या बाजूने चढल्या, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर राहिलो. फोन बंद पडण्याआधी मी कंपनी हवालदाराला एकदा कळवले होते. पाणी उतरल्यावर मात्र मी लगेच निघालो नाही, हे कबूल करतो. घराची मागची भिंत पडली होती, ती उभी करण्यात चार दिवस गेले. युनिटमध्ये पोहोचल्यावर सिनियर जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) म्हणाले, कबूल कर, सात दिवसांत मोकळा होशील, कागद लांबवू नकोस. मी ‘होय साहेब’ म्हणालो आणि मार्च-आऊट झालो. तलाठ्याने आमच्या घराचा पंचनामा केला होता, तो वडिलांच्या पेटीत आहे. वडिलांच्या पासबुकात सानुग्रह अनुदानाची नोंदही आहे. या कागदांचा लष्करात उपयोग होईल असे तेव्हा मनातही आले नाही.

माहिती अधिकाराचे अर्ज आजच टाकतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर, दोन महिन्यांनंतर

कागद आले. पहिल्या अर्जाला अर्धवट उत्तर आले होते, पहिल्या अपिलानंतर बाकीचे मिळाले. मला जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो.

कारणे दाखवा नोटीस 4 सप्टेंबर 2023 ची आहे. प्राथमिक चौकशीचा कागद एकच पान आहे आणि त्यावर तारीख आहे 19 सप्टेंबर 2023. त्यात पाच नोंदींचा तक्ता आहे आणि खाली ‘शिस्तीचा इतिहास असमाधानकारक, डिस्चार्जची शिफारस’ अशा अर्थाच्या दोन ओळी आहेत. माझा जबाब नाही, माझी सही नाही, आणि त्या कागदासाठी मला कोणी बोलावलेही नव्हते. माझे उत्तर नोटिशीनंतरचे, 9 सप्टेंबरचे आहे. ब्रिगेड कमांडरच्या आदेशात ‘पाच लाल नोंदी असल्याने’ असे म्हणून डिस्चार्ज मंजूर केला आहे. राष्ट्रीय रायफल्स, सिक्कीम किंवा एकूण सेवेचा उल्लेख कुठेही नाही. गैर-अर्हताकारी सेवा 137 दिवस दाखवली आहे. 2013 चे 9 दिवस रजेत धरून नियमित झाले होते, हे मला आजवर माहीत नव्हते.

उत्तर : निवृत्त सुभेदार, लिपिक शाखा

नोटीस आधी आणि चौकशी पंधरा दिवसांनी नंतर! मी हेड क्लार्क असतो, तर असा कागद साहेबांपुढे सहीला ठेवला नसता. बहुधा ब्रिगेडच्या कार्यालयाने फाइल परत पाठवून ‘चौकशीचा कागद जोडा’ असा शेरा मारला असेल आणि मग तो घाईने बनवला असेल. मात्र हा माझा तर्क आहे. अर्जात तो लिहू नका, नुसत्या दोन तारखा लिहा.

नऊ दिवस वाचले, तरी तूट बारा महिन्यांपेक्षा पुष्कळ जास्त राहते, म्हणून मार्ग तोच.

उत्तर : वकील, मुंबई

हे कागद पाहता प्रकरण सतगुर सिंगपेक्षा दुबेच्या जवळ सरकते. सतगुर सिंगमध्ये जवानाला कारणे सांगण्याची संधी मिळाली होती आणि तिचा विचार झाला होता, असे न्यायालयाला दिसले. इथे नोटीस निघाली तेव्हा चौकशी अस्तित्वातच नव्हती. म्हणजे चौकशीचा निष्कर्ष पाहून नोटीस द्यावी की नाही हे ठरवण्याची जी पायरी 1988 च्या पत्रात आहे, ती गाळली गेली. सरकारी पक्ष म्हणेल, की 9 सप्टेंबरचे तुमचे उत्तर हीच तुमची बाजू होती आणि ती 19 तारखेला पाहिली गेली. त्यावर आपले उत्तर असे, की त्या एका पानात तुमच्या उत्तरातील एकाही मुद्द्याचा उल्लेख नाही. जिंकाल असे मी म्हणणार नाही; पण मूळ अर्ज दाखल करण्यासारखा आहे असे निश्चित म्हणेन.

अर्जात मुख्य मागणी डिस्चार्जचा आदेश रद्द करून पेन्शनपात्र सेवेपर्यंत सेवेत मानण्याची असावी, आणि आर्मी ॲक्टच्या कलम 23 खालील प्रमाणपत्र त्यानुसार नव्याने देण्याची. त्या प्रमाणपत्रात सेवा संपवणारा अधिकारी, कारण आणि सेवेचा पूर्ण काळ लिहिलेला असतो. सैनिक कल्याण कार्यालय पाहते ते हेच. 2019 च्या नोंदीसाठी पंचनामा आणि पासबुकाच्या प्रती जोडून कलम 87 खालचा अर्ज आधी पाठवा, आणि पाणी उतरल्यानंतरचे चार दिवस त्यातही तुम्ही इथे लिहिलेत तसेच लिहा. न्यायाधिकरणाचा निर्णय विरुद्ध गेला, तर सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी उच्च न्यायालयाचा मार्गही 2023 च्या परशोत्तम दास निकालानंतर पुन्हा खुला झाला आहे, पण तो विचार तेव्हा करू.

वकिलाचा खर्च परवडणार नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत साहाय्यासाठी उत्पन्नाच्या दाखल्यासह अर्ज करता येतो. विलंबाच्या प्रतिज्ञापत्रासाठी डायलिसिसच्या नोंदींची मूळ फाइल, आणि रेकॉर्ड ऑफिसचे मार्च 2024 चे उत्तर ज्या पाकिटातून आले ते पाकीट सांभाळून ठेवले असेल, तर तेही हवे. पत्रावरची तारीख आणि पोस्टाचा शिक्का यांत अनेकदा फरक असतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

पाकीट सापडले. मुलाने त्याच्या मागच्या बाजूवर पाढे लिहिले आहेत, पण शिक्का वाचता येतो. पत्रावर 12 मार्च आहे आणि आमच्या पोस्टाचा शिक्का 6 मे 2024 चा आहे. पुढच्या सोमवारी सर्व मूळ कागद घेऊन मुंबईला येत आहे. पंचनाम्याची नक्कल तलाठी कार्यालयातून प्रमाणित करून घेतली आहे.

उत्तर : वकील, मुंबई

पाढे खोडू नका, पाकीट आहे तसे आणा. पत्राची तारीख आणि शिक्का यांच्यातील जवळजवळ आठ आठवडे प्रतिज्ञापत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात जातील.

उत्तर : सेवानिवृत्त कर्नल, पुणे

राष्ट्रीय रायफल्समधील तुमच्या कंपनी कमांडरना पत्र लिहा. तेथील तुमच्या कामाविषयी ते दोन ओळी लिहून देण्यास तयार झाले, तर त्या अर्जाला जोडता येतील. अधिकारी निवृत्त असला, तरी अशा पत्राला वजन असते, आणि बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.